हरवलेल्या नोंदींचा हिशेब
(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. कोयनानगरातली घरे कोसळली, माणसे दगावली, धरणाच्या भिंतीला तडे गेले. पण धरण उभे राहिले. त्या भिंतीच्या आतल्या एका गॅलरीत एक त्वरणलेखक बसवलेला होता. धरणाच्या अक्षाच्या दिशेने गुरुत्वाकर्षणाच्या ०.६३ पट त्वरण त्याने नोंदवले. काँक्रीटच्या धरणांवर भूकंपाचा काय परिणाम होतो याचा अभ्यास करणारे जगभरचे अभियंते ती नोंद आजही आपल्या गणितांत वापरतात.

त्या पिढीच्या त्वरणलेखकांची एक मर्यादा होती. नोंद प्रकाशसंवेदी कागदावर किंवा फिल्मवर होत असे. भूकंप वर्षानुवर्षे येत नाही आणि कागद चोवीस तास सरकवत ठेवणे शक्य नाही. म्हणून यंत्र एरवी बंद असे. आत एक लहान लंबक टांगलेला असे. जमीन ठरावीक मर्यादेपलीकडे हलली की लंबकामुळे विद्युतमंडल पूर्ण होई, मोटर सुरू होई आणि कागद सरकू लागे. परिणाम असा की, ज्या हालचालीने यंत्र जागे झाले, ती हालचाल स्वतः कागदावर नसे. भूकंपशास्त्रज्ञाला हवी असते ती पहिल्या लहरींची चाहूल, आणि नेमकी तीच गळून जाई.

घटना घडणार आहे हे आधी कळत नसताना तिची सुरुवात कशी नोंदवायची? याचे उत्तर असे, की सतत नोंदत राहायचे आणि सतत पुसतही राहायचे. शेवटचे काही क्षण तेवढे हाताशी ठेवायचे, आणि घटना घडली की ते पुसू द्यायचे नाहीत. पुढे आलेल्या अंकीय त्वरणलेखकांत हीच सोय झाली. आज ती नखाएवढ्या चिपमध्ये असते आणि तिच्यावर देखरेख करण्याचे काम ऑपरेटिंग सिस्टिममधला एक छोटा प्रोग्राम करतो. त्याला आपण डिव्हाइस ड्रायव्हर म्हणतो. सेन्सर आणि प्रोग्राम यांच्यामध्ये नोंदी साठवण्याची जी जागा असते, तिला बफर म्हणतात. आजचे माझे व्याख्यान त्या जागेविषयी आहे.

हा विषय मी निवडला त्याला कारण आहे. ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला आहे, ते आमचे सर मोजमापाची प्रात्यक्षिके घेत तेव्हा दोन गोष्टींबाबत फार कडक असत. वहीत आकडा लिहिला की शेजारी वेळ लिहायची. वेळ नसलेला आकडा ते खोडून टाकत. आणि एखादे वाचन चुकले तर ती ओळ रिकामी सोडायची, मागाहून अंदाजाने भरायची नाही. वीस-बावीस वर्षांच्या मुलांना हा जाच वाटे. नंतर ड्रायव्हर लिहिण्याच्या कामात आयुष्य गेले आणि माझ्या लक्षात आले, की या क्षेत्रातले बहुतेक अवघड प्रश्न त्या दोन नियमांपाशीच येऊन थांबतात. बफर किती मोठा ठेवायचा हा प्रश्न तुलनेने सोपा आहे. प्रत्येक नोंद केव्हाची, आणि कोणत्या नोंदी हरवल्या, हे बफर खरेपणाने सांगतो का, हा अवघड प्रश्न आहे.

आधी वेगाचा हिशेब पाहू. एडीएक्सएल३४५ नावाचा एक त्वरणमापक आहे. प्रयोगशाळांत, विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत, कारखान्यांतल्या यंत्रांवर तो वर्षानुवर्षे वापरला जातो. आय-टू-सी या दोन तारांच्या मार्गाने ४०० किलोहर्ट्झ वेगाने तो जोडला, तर सेकंदाला ८०० नमुन्यांपर्यंत तो चालवावा असे त्याच्या माहितीपत्रकात सांगितले आहे. म्हणजे दर सव्वा मिलिसेकंदाला एक नमुना. प्रत्येक नमुन्यात तीन अक्षांचे मिळून सहा बाइट. आकडे किरकोळ वाटतात. पण तो नमुना ज्या प्रोग्रामला हवा आहे, तो प्रोग्राम एकटा नसतो. त्याच संगणकावर पडदा रंगवला जात असतो, नेटवर्कवरून माहिती येत असते, फाइल लिहिली जात असते. एखाद्या प्रोग्रामची पाळी दहा-वीस मिलिसेकंद उशिरा येणे ही साधारण ऑपरेटिंग सिस्टिममध्ये रोजची गोष्ट आहे. तेवढ्यात आठ-सोळा नमुने येऊन गेलेले असतात. सेन्सर थांबत नाही. फाइल वाचणाऱ्याला उशीर झाला तर फाइल जागेवरच असते. सेन्सरचे तसे नाही. न वाचलेला नमुना पुढचा नमुना येताच नाहीसा होतो. सेन्सरचा ड्रायव्हर आणि डिस्कचा ड्रायव्हर यांच्यातला मूळ फरक हाच.

ही अडचण सेन्सरच्याही आधीची आहे. पहिल्या आयबीएम पीसीमध्ये सिरियल पोर्टसाठी ८२५० ही चिप होती. ती आलेला एकच बाइट धरून ठेवू शकत असे. ९६०० बॉडच्या वेगाने दर मिलिसेकंदाला साधारण एक अक्षर येते, आणि तेवढ्या वेळात प्रोसेसरने ते उचलले नाही तर पुढचे अक्षर त्याच्यावर येऊन बसते. पुढे १६५५०ए या चिपमध्ये सोळा बाइटांची रांग आली. किती बाइट साठल्यावर प्रोसेसरला हाक मारायची, तेही ठरवता येऊ लागले: एक, चार, आठ किंवा चौदा. चौदावर हाक मारली तर हाका कमी होतात, पण उरलेल्या दोन जागा भरण्याआधी धावत यावे लागते. चारवर मारली तर उसंत मिळते, पण हाका वाढतात. आजच्या प्रत्येक सेन्सर-ड्रायव्हरमध्ये हीच निवड आहे, फक्त आकडे मोठे झाले आहेत.

या जुन्या चिपमधली एक बारीक गोष्ट मला फार मोलाची वाटते. तिच्या स्थितिदर्शक रजिस्टरमध्ये एक बिट केवळ एवढेच सांगण्यासाठी राखून ठेवलेला होता, की एक अक्षर वाचायच्या आत दुसरे त्याच्यावर आले, म्हणजेच काहीतरी हरवले. केवळ एक अक्षर धरू शकणाऱ्या चिपनेही आपल्या अपयशाची नोंद ठेवण्यासाठी जागा काढली होती. ज्यांनी ती आखली, त्यांना मोजमाप कळत होते.

त्याच काळाच्या आसपासचे उलट उदाहरणही आहे. १९७५ साली बाहेर पडलेली युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची सहावी आवृत्ती पुढे जगभरच्या विद्यार्थ्यांनी वाचली, ती ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात शिकवणाऱ्या जॉन लायन्स यांच्या भाष्यामुळे. त्या आवृत्तीत टर्मिनलवरून आलेली अक्षरे सहा-सहा अक्षरांच्या छोट्या कप्प्यांच्या साखळीत साठत. कोणा एका टर्मिनलने सगळे कप्पे बळकावू नयेत म्हणून २५६ अक्षरांची मर्यादा होती. ती ओलांडली तर ड्रायव्हर जास्तीचे अक्षर नाकारत नसे. त्या टर्मिनलची साठलेली रांगच रिकामी करून टाकी. माणूस टंकत असेल तर हे खपून जाई, कारण २५६ अक्षरे उत्तर न मिळता टंकणारा माणूस विरळा, आणि तो पुन्हा टंकू शकतो. पण त्याच तारेच्या दुसऱ्या टोकाला एखादे मापनयंत्र असेल तर? यंत्र पुन्हा सांगत नाही. माणसासाठी बांधलेला बफर यंत्राला जोडला की काय होते, हे समजायला हे एक उदाहरण पुरे.

आता आतली रचना पाहू. हा भाग थोडा तांत्रिक आहे, पण तो टाळून पुढे जाता येणार नाही.

सेन्सरकडे नवा नमुना तयार झाला की तो एका तारेवरून प्रोसेसरला इशारा देतो. या इशाऱ्याला इंटरप्ट म्हणतात. प्रोसेसर हातातले काम थांबवून ड्रायव्हरच्या एका छोट्या तुकड्याकडे येतो. त्या तुकड्यात फार रेंगाळता येत नाही, कारण तेवढा वेळ बाकीचे काम अडून राहते. शिवाय आय-टू-सीवरून सहा बाइट आणायचे तर वाट पाहावी लागते, आणि इंटरप्टच्या त्या पहिल्या तुकड्यात वाट पाहण्याला बंदी आहे. म्हणून काम दोन भागांत विभागतात. पहिला भाग घड्याळ पाहून वेळ टिपतो आणि निघून जातो. दुसरा भाग थोड्या वेळाने, सवडीने, सेन्सरकडून आकडे आणतो, त्यांना ती टिपलेली वेळ जोडतो आणि दोन्ही मिळून बफरमध्ये टाकतो.

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये या सगळ्याची एक सामाईक चौकट आहे. तिचे नाव इंडस्ट्रियल आयओ, लिनक्सच्या गाभ्यावर, म्हणजे कर्नलवर, काम करणारे तिला आयआयओ म्हणतात. जोनाथन कॅमेरॉन यांनी ती सुरू केली. २००९ मध्ये ती कर्नलच्या उमेदवारी विभागात आली आणि २०१२ मध्ये तिचा गाभा मुख्य कर्नलमध्ये गेला. त्याआधी त्वरणमापक, प्रकाशमापक, दाबमापक, व्होल्टेज मोजणारे परिवर्तक यांना लिनक्समध्ये स्वतःचे घर नव्हते. कोणी ते तापमान आणि पंखे पाहणाऱ्या विभागात घुसवी, कोणी कीबोर्ड-माउसच्या विभागात. प्रत्येक ड्रायव्हर आपापला बफर लिही आणि प्रत्येकाच्या चुका वेगळ्या. आयआयओमध्ये ड्रायव्हरने फक्त सांगायचे, की माझ्याकडे एवढे अक्ष आहेत, प्रत्येक आकडा बारा बिटांचा, तो सोळा बिटांच्या जागेत बसवला आहे, चार बिट उजवीकडे सरकवून वाचावा. बफर, त्याची लांबी, किती साठल्यावर वाचकाला उठवायचे हे सगळे चौकट पाहते. वाचणारा प्रोग्राम एक फाइल उघडतो आणि तिच्यातून एकामागून एक नमुने घेतो.

त्या बफरचे आतले रूप वर्तुळाकार असते. विहिरीवरचे रहाटगाडगे ज्यांनी पाहिले आहे त्यांना ते लगेच समजेल. गाडगी मोजकी आणि ठरलेली. खाली भरतात, वर रिकामी होतात, माळ तीच फिरत राहते. भरणाऱ्याला रिकामे करणाऱ्याची वाट पाहावी लागत नाही आणि दोघांची गती क्षणोक्षणी सारखी असण्याचीही गरज नाही. पण एखादे गाडगे वर रिकामे न होता भरलेलेच खाली आले, तर नव्या पाण्याला त्यात जागा नाही.

या वर्तुळाचा अभ्यास संगणकशास्त्रात फार लवकर झाला. एडस्गर डायक्स्ट्रा यांनी १९६५ मध्ये एकमेकांशी सहकार्य करणाऱ्या प्रक्रियांवर जे लिहिले, त्यात मर्यादित बफर, त्यात टाकणारा आणि त्यातून घेणारा ही मांडणी आहे. १९७७ मध्ये लेस्ली लॅम्पोर्ट यांनी दाखवून दिले, की टाकणारा एकच आणि घेणाराही एकच असेल, तर दोघांना कुलूप न लावता सुरक्षितपणे काम करता येते. टाकणारा फक्त आपला निर्देशांक पुढे सरकवतो, घेणारा फक्त आपला, आणि दोघे दुसऱ्याचा केवळ वाचतात. लिनक्समधली केफिफो ही रांग याच तत्त्वावर चालते. तिची लांबी दोनच्या घातांकात ठेवतात, म्हणजे निर्देशांक बेधडक वाढत जाऊ द्यायचा आणि त्याचे खालचे बिट तेवढे जागा शोधायला वापरायचे. आधी नमुना लिहायचा आणि मगच निर्देशांक पुढे करायचा, हा क्रम मात्र अनेक प्रोसेसरच्या यंत्रात आपोआप पाळला जात नाही. तो ड्रायव्हरने बजावून पाळायला लावावा लागतो. नाहीतर वाचणाऱ्याला निर्देशांक नवा दिसतो आणि नमुना मात्र जुनाच.

इथून मी सरांच्या पहिल्या नियमाकडे येते, म्हणजे वेळेकडे.

एक नमुना, एक इंटरप्ट, एक वेळ, असे चालले असते तर प्रश्न नव्हता. पण दर सव्वा मिलिसेकंदाला प्रोसेसरला उठवणे महाग पडते, आणि बॅटरीवर चालणाऱ्या उपकरणात तर परवडतच नाही. म्हणून चिपच्या आतच छोटी रांग ठेवतात. एडीएक्सएल३४५ मध्ये ती बत्तीस नमुन्यांची आहे. गती मोजणाऱ्या एमपीयू-६०५० मध्ये ती १०२४ बाइटांची आहे. सोळा नमुने साठले की एकदाच इंटरप्ट येतो आणि ड्रायव्हर ते एका दमात उचलतो. हाका सोळा पटींनी कमी झाल्या. मात्र वेळ आता एकच उरली, आणि नमुने सोळा आहेत.

यावर सर्वांत सोपा आणि सर्वांत वाईट उपाय म्हणजे सोळाही नमुन्यांना तीच वेळ चिकटवणे. मग वाचणाऱ्याला दिसते, की वस्तू काही काळ निश्चल होती आणि एकाएकी एका क्षणात सोळा वेळा हलली. अशा नोंदीवरून वेग किंवा कंपनाची वारंवारता काढायला गेले तर उत्तर निरर्थक येते. दुसरा उपाय असा, की शेवटच्या नमुन्याची वेळ इंटरप्टची मानायची आणि मागे मागे सव्वा मिलिसेकंद वजा करत जायचे. हा पुष्कळ बरा आहे. पण त्यात गृहीत धरले आहे, की चिपचे घड्याळ अगदी बरोबर चालते. प्रत्यक्षात चिपच्या आतला आंदोलक स्वस्त असतो, तो तापमानाबरोबर थोडा पुढेमागे होतो. सेकंदाला ८०० नमुने म्हणताना प्रत्यक्षात ७९० किंवा ८१० येऊ शकतात. एका गठ्ठ्यात हा फरक दिसत नाही. तासाभरात मात्र तो अनेक सेकंदांचा होतो, आणि गठ्ठ्यांच्या सीमेवर वेळ मागे जाते किंवा उडी मारते.

म्हणून जाणकार ड्रायव्हर काय करतो? तो दोन घड्याळांचा मेळ सतत पाहत राहतो. मागच्या इंटरप्टपासून या इंटरप्टपर्यंत प्रोसेसरच्या घड्याळाने किती वेळ गेला आणि तेवढ्यात किती नमुने आले, यावरून चिपचा खरा कालावधी काढतो, एखाद्या उशिरा आलेल्या इंटरप्टमुळे तो बिघडू नये म्हणून मर्यादेत ठेवतो, सरासरी घेतो आणि मग नमुने त्या कालावधीने पसरतो. लिनक्समध्ये इन्व्हेनसेन्स कंपनीच्या चिपांच्या ड्रायव्हरात नेमके हे काम करणारा वेगळा भाग लिहिलेला आहे. ज्यांनी हे लिहिले आहे त्यांच्याविषयी मला मनापासून आदर वाटतो. पडद्यावर त्याचा काहीच मागमूस दिसत नाही, पण त्याशिवाय फोन हलवल्यावर चित्र स्थिर ठेवणे, दिशा ओळखणे यांपैकी काहीही नीट होत नाही.

कोणत्या घड्याळाची वेळ घ्यायची, हाही प्रश्न आहेच. आयआयओमध्ये सुरुवातीपासून भिंतीवरच्या घड्याळाची, म्हणजे तारीखवार असलेली वेळ टिपली जाई. ती माणसाला वाचायला सोयीची. पण नेटवर्कवरून वेळ दुरुस्त झाली की ती मागे जाऊ शकते. म्हणजे नंतर घडलेल्या हालचालीला आधीची वेळ लागते. केवळ पुढेच जाणारे घड्याळ निवडण्याची सोय २०१६ मध्ये आली. मूळची निवड मात्र जुनीच राहिली, कारण जुने प्रोग्राम तिच्यावर विसंबलेले आहेत. माझे स्पष्ट मत आहे, की नव्या कामात पुढे जाणारेच घड्याळ घ्यावे आणि तारखेशी जोडणी वरच्या प्रोग्रामने करावी.

आता दुसरा नियम: रिकामी ओळ.

गाडगे भरलेलेच खाली आले, तर जुने पाणी सांडून नवे घ्यायचे, की नवे सोडून द्यायचे? दोन्ही पक्षांना बळकट कारणे आहेत. उडत्या ड्रोनला शंभर मिलिसेकंदांपूर्वीचा कल कळून उपयोग नाही, त्याला आत्ताचा हवा. तिथे जुने टाकावे. एखाद्या यंत्राच्या बेअरिंगमध्ये बिघाड कसा सुरू झाला हे शोधायचे असेल तर सलग तुकडा हवा, मध्ये खिंडार नको. तिथे रांग भरली की नवे थांबवावे आणि मिळाला तेवढा तुकडा अखंड ठेवावा. एडीएक्सएल३४५ मध्ये यासाठी वेगवेगळे पर्याय दिले आहेत. एकात रांग भरली की थांबते, दुसऱ्यात जुने गळून नवे येत राहते. आणि तिसऱ्यात, कोयनेच्या त्वरणलेखकाकडे जे नव्हते ते आहे. चिप सतत शेवटचे बत्तीस नमुने धरून असते, आघाताचा इशारा आला की त्याच्या आधीचे ठरवले तेवढे नमुने राखते आणि उरलेली जागा नंतरच्या नमुन्यांनी भरते. बत्तीस नमुने म्हणजे ८०० च्या वेगाने फक्त चाळीस मिलिसेकंद. पण घटनेची सुरुवात त्यात असते.

यापैकी कोणतेही धोरण मी चूक म्हणणार नाही. चूक ती, जी काय घडले हे सांगत नाही.

लिनक्समधला टचस्क्रीन आणि कीबोर्डचा विभाग याबाबत शिकण्यासारखा आहे. पडद्यावर बोट टेकले, सरकले, उचलले या घटना रांगेत जातात. रांग भरून ‘बोट उचलले’ ही एक घटना हरवली, तर वरच्या प्रोग्रामच्या लेखी बोट कायमचे टेकलेलेच राहते. म्हणून २०११ मध्ये त्या विभागात एक खास घटना आणली गेली. तिचा अर्थ एवढाच, की इथे काही घटना गळल्या आहेत. ती दिसली की प्रोग्रामने पुढच्या पूर्ण अहवालापर्यंतचे सगळे टाकून द्यायचे आणि ड्रायव्हरला विचारायचे, आत्ता प्रत्यक्ष स्थिती काय आहे. हरवलेले परत मिळत नाही, पण चुकीचे चित्र तरी पुढे चालत राहत नाही.

दुसरे उदाहरण जीपीआयओचे, म्हणजे चिपच्या साध्या पायांवरच्या इशाऱ्यांचे. वाहत्या पाण्याचे मीटर, फिरत्या चाकावरचा स्पंद, दाराचा संपर्क असे कितीतरी साधे सेन्सर या पायांवर जोडतात. तिथल्या जुन्या पद्धतीत रांग सोळा घटनांची होती. ती भरली की नवी घटना गुपचूप सोडून दिली जाई. वाचणाऱ्याला कळण्याचा मार्ग नव्हता. पाण्याच्या मीटरचे स्पंद असे गळले तर बिल कमी येईल, आणि ते का कमी आले हे कोणालाच सांगता येणार नाही. २०२० मध्ये केंट गिब्सन यांनी लिहिलेली नवी पद्धत कर्नलमध्ये आली. तिच्यात रांगेची लांबी वाचणाऱ्याला सुचवता येते, रांग भरली तर सर्वांत जुनी घटना गळते, आणि मुख्य म्हणजे प्रत्येक घटनेला अनुक्रमांक असतो. सत्तेचाळीसनंतर एकदम बावन्न आला तर मधल्या चार गेल्या, हे शाळेतले मूलही सांगेल. घटनेमागे थोडे बाइट वाढले. त्यांच्या बदल्यात नोंद विश्वासार्ह झाली.

आणि आयआयओ? ज्या चौकटीचे मी एवढे कौतुक केले, तिथे मला तक्रार करायची आहे. तिचा बफर भरला की नवा नमुना आत जात नाही. टाकणाऱ्या फंक्शनकडून ड्रायव्हरला तसे उत्तर मिळते. पण बहुतेक ड्रायव्हर ते उत्तर पाहतच नाहीत, आणि पाहिले तरी वाचणाऱ्याला कळवण्याची ठरलेली वाट नाही. वेळ सोबत घेतली असेल तर दोन नमुन्यांमधले अंतर पाहून खिंडार ओळखता येते. पण वेळ घेणे ऐच्छिक आहे. वाचणारा ती बंद ठेवू शकतो, आणि जागा वाचवायला अनेकजण ठेवतातही. मग सेकंदाला ८०० नमुन्यांची एक सलग, गुळगुळीत फाइल तयार होते, जिच्यात तीनशे मिलिसेकंद कुठेतरी नाहीतच. त्या फाइलवर कोणी विद्यार्थी प्रबंध लिहितो. हे मला सहन होत नाही. सेन्सरच्या आकड्यावर माणसे निर्णय घेतात: पूल सुरक्षित आहे का, रुग्णाची हालचाल कशी आहे, यंत्र थांबवावे का. नोंद अपुरी असणे क्षम्य आहे. अपुरी नोंद पूर्ण म्हणून पुढे करणे क्षम्य नाही.

ओघात आणखी एका गोष्टीचा उल्लेख करते, कारण ती शिकवताना क्वचितच सांगितली जाते. तीन अक्षांचे सोळा-सोळा बिट म्हणजे सहा बाइट. त्यामागून येणारी वेळ आठ बाइटांची, आणि ती आठच्या पटीतल्या जागीच सुरू व्हायला हवी. म्हणून सहाव्या बाइटनंतर दोन बाइट मोकळे राहतात आणि नमुना एकूण सोळा बाइटांचा होतो. त्या दोन मोकळ्या बाइटांत काय असते? ड्रायव्हरने आधी शून्य भरले नसेल, तर कर्नलच्या स्मृतीत आधी जे काही पडून होते त्याचे अवशेष, आणि ते प्रत्येक नमुन्याबरोबर बाहेर जातात. लार्स-पीटर क्लाउसेन यांनी ही गोष्ट दाखवून दिल्यावर २०२० मध्ये कॅमेरॉन यांनी एकामागून एक कितीतरी ड्रायव्हर दुरुस्त केले. आपण न लिहिलेल्या जागेचीही जबाबदारी आपलीच असते.

शेवटचा मोठा भाग विजेचा. फोन खिशात असतो तेव्हा त्याचा मुख्य प्रोसेसर शक्य तितका वेळ निद्रिस्त ठेवतात. पावले मोजायची तर दर नमुन्याला त्याला उठवून चालत नाही. २०१३ मध्ये अँड्रॉइडच्या ४.४ आवृत्तीत गठ्ठ्याने नमुने देण्याची पद्धत आली. वरचा प्रोग्राम दोन आकडे देतो: नमुने किती अंतराने घ्यायचे आणि जास्तीत जास्त किती उशिरा पोचले तरी चालतील. हा दुसरा आकडा मागण्याची कल्पना मला फार प्रामाणिक वाटते, कारण ती प्रोग्राम लिहिणाऱ्याला आपली खरी गरज बोलायला लावते. अँड्रॉइडच्या सुसंगततेच्या अटींत वरच्या दर्जाच्या सेन्सरसंचासाठी त्वरणमापकाला किमान ३००० नमुने साठवता आले पाहिजेत असे म्हटले आहे. सेकंदाला पन्नास नमुन्यांच्या वेगाने ते एक मिनिट पुरतात. साठा भरत आला की काय होणार, हेही तिथे आधीच ठरलेले आहे. एका प्रकारच्या सेन्सरने नमुने हरवण्याआधी प्रोसेसरला उठवायचेच. दुसऱ्या प्रकारच्या सेन्सरने उठवायचे नाही. जुने नमुने गळतील आणि प्रोग्राम लिहिणाऱ्याने ते गृहीत धरायचे. लिनक्सच्या आयआयओमध्येही २०१५ पासून किती नमुने साठल्यावर वाचकाला जागे करायचे ते सांगता येते, आणि वाचकाने घाईने मागितले तर चिपच्या पोटातले नमुने आधीच रिकामे करून घेण्याची सोय ड्रायव्हरला करता येते.

इथे तरुण अभियंते बसले आहेत, त्यांच्यासाठी एक चाचणी सांगते. ती कोणत्याही प्रयोगशाळेत करता येते आणि तिला एकही जादा उपकरण लागत नाही. सेन्सर नेहमीच्या वेगाने चालू करा, नमुने वाचणारा प्रोग्राम सुरू करा, आणि बफर नक्की भरून वाहील इतका वेळ तो प्रोग्राम थांबवण्याचा सिग्नल देऊन गोठवून ठेवा. मग पुन्हा चालू करा. आता त्याने लिहिलेली फाइल अशा माणसाच्या हाती द्या, ज्याला मध्ये काय केले हे माहीत नाही, आणि त्याला तीन प्रश्न विचारा. यात खिंडार आहे का? असेल तर कुठे? आणि त्यात किती नमुने गेले? तिन्ही उत्तरे केवळ फाइलवरून देता आली, तर ड्रायव्हर आणि वाचणारा प्रोग्राम दोन्ही कामाला लावा. पहिलेही देता आले नाही, तर आधी नमुन्यांसोबत वेळ चालू करा. चिपमध्ये रांग भरून वाहिल्याची खूण असेल तर ती प्रत्येक गठ्ठ्यामागे वाचा. आणि गळलेल्या नमुन्यांचा एक मोजक ड्रायव्हरमध्ये ठेवून तो वाचणाऱ्याला दिसेल अशा ठिकाणी मांडा. या तिन्हींना मिळून फार तर एका दिवसाचे काम लागते, आणि ते सेन्सर पहिल्यांदा जागेवर बसवण्याआधी झालेले बरे.